पांढरा वाघ आणि आजीचा गुडघा

पुण्याच्या दक्षिणेला, घाटाच्या पायथ्याशी कात्रज आहे. हे गाव आता शहरात मिसळून गेले आहे. तरीही तेथील पेशवेकालीन तलाव आणि राजीव गांधी प्राणिसंग्रहालय ही दोन ठिकाणे पाहायला मुले आजही आवडीने जातात. या लेखात आपण या दोन्ही ठिकाणांची मदत घेणार आहोत. एका अवघड प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ती आपल्याला उपयोगी पडतील.

प्रश्न असा आहे. समजा, एकाच वाड्यात राहणाऱ्या दोन आजींचे गुडघे झिजले. दोघींनी एकाच रुग्णालयात, एकाच डॉक्टरांकडून कृत्रिम गुडघा बसवून घेतला. एक आजी महिन्या-दीड महिन्यात मंदिरापर्यंत चालत जाऊ लागली. दुसरीचा गुडघा मात्र सुजला, लाल झाला आणि जखमेतून पू येऊ लागला. मग शेजारीपाजारी म्हणू लागले, “त्यांच्या घराण्यालाच शस्त्रक्रिया मानवत नाही. तिच्या थोरल्या बहिणीचेही असेच झाले होते. रक्तातच आहे ते!”

हे खरे आहे का? असल्यास किती खरे? प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण असे बोलणे ऐकून त्या घरातील तिसरी व्यक्ती दुखरा गुडघा घेऊन वर्षानुवर्षे घरात बसून राहते. शास्त्राच्या कसोटीवर हे बोलणे घासून पाहू या.

नवा सांधा म्हणजे काय?

गुडघ्यात मांडीचे हाड आणि नडगीचे हाड एकमेकांवर सरकतात. त्यांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. ते झिजले की हाडावर हाड घासते आणि पाऊल टाकणेही नकोसे होते. शस्त्रक्रियेत डॉक्टर झिजलेली टोके थोडी तासून काढतात. एका टोकावर कोबाल्ट व क्रोमियम यांच्या मिश्रधातूची टोपी बसवतात. दुसऱ्या टोकावर धातूची बैठक आणि तिच्यावर पॉलिएथिलीन या प्लॅस्टिकची चकती बसवतात. पुण्याचे अस्थिशल्यविशारद डॉ. कां. ह. संचेती यांनी तर भारतीयांच्या बैठकीच्या सवयी लक्षात घेऊन ‘इंडस’ नावाचा कृत्रिम गुडघा तयार केला.

ही शस्त्रक्रिया बहुतेकांना लाभते. चांगल्या रुग्णालयांत साधारणपणे शंभरातील एक-दोघांनाच नव्या सांध्याचा जंतुसंसर्ग होतो. पण ज्यांना होतो त्यांचे हाल मोठे असतात. कधी सांधा पुन्हा उघडून धुवावा लागतो, तर कधी तो काढून काही आठवड्यांनी दुसरा बसवावा लागतो.

तलावाकाठचा दगड

आता कात्रजच्या तलावाकडे चला. अठराव्या शतकात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात हा तलाव बांधला गेला. त्याचे पाणी बंदिस्त दगडी नळाने पुणे शहरात नेले होते. अशा कोणत्याही तलावाच्या काठी पाण्यात बुडालेल्या दगडावरून बोट फिरवा. तो बुळबुळीत लागेल. जिवाणू आणि शेवाळ दगडाला चिकटून राहतात, स्वतःभोवती चिकट पदार्थ सोडतात आणि त्या थरात वस्ती करून राहतात. पाणी ओतून हा थर जात नाही, तो खरवडावा लागतो. अशा थराला जैवपटल किंवा बायोफिल्म म्हणतात.

शरीरातील धातूचा सांधा हा जिवाणूंच्या दृष्टीने असाच एक दगड असतो. हाड, स्नायू, त्वचा यांना रक्ताचा पुरवठा असतो, त्यामुळे रक्तातील रक्षक पेशी तेथे पोचतात. धातूच्या आत रक्तवाहिनी नसते. एकदा का त्याच्या पृष्ठभागावर जैवपटल तयार झाले, की पांढऱ्या पेशींना त्यात शिरणे कठीण जाते आणि प्रतिजैविक औषधांचाही प्रभाव फार कमी होतो.

१९५७ साली एलेक आणि कोनेन या ब्रिटनमधील दोन संशोधकांनी स्वयंसेवकांच्या त्वचेवर एक प्रयोग केला. निरोगी त्वचेत पू निर्माण व्हायला स्टॅफिलोकॉकस जातीचे काही दशलक्ष जिवाणू टोचावे लागले. पण त्याच ठिकाणी रेशमी टाक्याचा धागा ठेवला, तेव्हा शंभराच्या आसपास जिवाणूही पुरेसे ठरले! एका धाग्याने एवढा फरक पडतो, मग मुठीएवढ्या धातूच्या सांध्याचे काय, याचा विचार करा.

पहारेकरी आणि त्यांचे शिक्के

तरीही शंभरातील अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव जणांना काहीच होत नाही. कारण शस्त्रक्रियेच्या वेळी आत शिरलेले थोडेसे जिवाणू वस्ती करण्यापूर्वीच शरीराचे पहारेकरी त्यांना गाठतात.

या पहारेकऱ्यांमध्ये भक्षक पांढऱ्या पेशी मुख्य आहेत. त्या जिवाणूंना गिळून टाकतात. पण गिळण्यापूर्वी ‘हा परका आहे’ हे ओळखावे लागते. त्यासाठी रक्तात काही प्रथिने फिरत असतात. अनेक जिवाणूंच्या पृष्ठभागावर मॅनोज नावाच्या शर्करेसारखे रेणू विशिष्ट रचनेत असतात. आपल्या यकृतात तयार होणारे एक प्रथिन या शर्करेला नेमके चिकटते. त्याला एम.बी.एल. म्हणतात. हे प्रथिन जिवाणूला चिकटले की इतर प्रथिनेही धावून येतात आणि जिवाणूवर जणू शिक्का बसतो. शिक्का बसलेल्या जिवाणूला भक्षक पेशी लगेच गिळतात.

१९६८ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी वारंवार संसर्ग होणाऱ्या एका बालिकेची हकिगत प्रसिद्ध केली. तिच्या पांढऱ्या पेशी चांगल्या होत्या, परंतु तिच्या रक्तद्रवात ठेवल्यावर त्या यीस्टचे कण नीट गिळत नसत. दोष पेशींत नव्हता, रक्तद्रवात होता. तिच्या काही नातेवाइकांच्या रक्तद्रवातही तोच दोष आढळला. पुढे १९८९ साली ब्रिटनमधील संशोधकांनी दाखवून दिले, की असा दोष असणाऱ्यांच्या रक्तात एम.बी.एल. फार कमी असते. आणि १९९१ साली त्याचे कारण जनुकात सापडले.

एका अक्षराचा फेर

जनुक म्हणजे प्रथिन कसे बनवायचे याची कृती. ती डी.एन.ए.च्या भाषेत लिहिलेली असते आणि या भाषेत ए, टी, जी आणि सी अशी चारच अक्षरे असतात. तीन अक्षरांचा एक शब्द होतो आणि एक शब्द एका अमिनो आम्लाची जागा सांगतो.

एम.बी.एल.चे जनुक आपल्या दहाव्या गुणसूत्रावर आहे. त्यातील चोपन्नावा शब्द बहुतेकांमध्ये जी-जी-सी असा असतो. त्याचा अर्थ ‘येथे ग्लायसीन बसवा’. काही माणसांत मधल्या जी-ऐवजी ए असतो. मग शब्द जी-ए-सी असा होतो आणि ग्लायसीनऐवजी ॲस्पार्टिक आम्ल बसते.

एवढ्याने काय बिघडले? एम.बी.एल.च्या रेणूचा एक भाग तीन पेडांच्या वेणीसारखा असतो. वेणी घट्ट बसण्यासाठी प्रत्येक पेडात दर तिसऱ्या जागी ग्लायसीन लागते, कारण ते सर्वांत लहान अमिनो आम्ल आहे. त्या जागी मोठे आम्ल आले की वेणी नीट गुंफली जात नाही. परिणामी रक्तात काम करणाऱ्या एम.बी.एल.चे प्रमाण घटते.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. ज्यांच्या रक्तात एम.बी.एल. कमी आहे अशी असंख्य माणसे निरोगी आयुष्य जगतात. शरीराकडे परके ओळखण्याचा हा एकच मार्ग नाही. एक पहारेकरी ढिला पडला तर दुसरे असतात.

पांढरा वाघ काय सांगतो?

आता प्राणिसंग्रहालयाकडे वळू. तेथे किंवा अन्यत्र तुमच्यापैकी काहींनी पांढरा वाघ पाहिला असेल. १९५१ साली रीवा संस्थानचे महाराज मार्तंडसिंह यांनी एक पांढरा वाघाचा बच्चा पकडला. त्याचे नाव मोहन. मोहनची जोडी नेहमीच्या रंगाच्या बेगम या वाघिणीशी लावली, तेव्हा सगळी पिल्ले नेहमीच्या रंगाचीच झाली. नंतर त्यांच्यापैकी राधा या वाघिणीपासून मोहनला १९५८ साली पांढरी पिल्ले झाली.

याचा उलगडा मेंडेलच्या नियमांनी होतो. पांढऱ्या रंगाचे जनुक अप्रभावी असते. आई आणि वडील या दोघांकडूनही ते मिळाले तरच पिल्लू पांढरे होते. राधेकडे असे एक जनुक होते, पण दुसरे नेहमीचे असल्याने ती पांढरी दिसली नाही. २०१३ साली चिनी संशोधकांनी हा रंग कोणत्या जनुकातील बदलामुळे येतो तेही शोधून काढले. येथे एकच जनुक सारे ठरवते. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर वाघ पांढरा, नाही तर नाही. त्याला कोणते मांस खायला घातले, पिंजरा किती स्वच्छ ठेवला, यावर त्याचा रंग ठरत नाही.

‘रक्तातच आहे ते’ असे म्हणणारी माणसे नकळत आजीच्या गुडघ्याला पांढऱ्या वाघाचा नियम लावतात. पण गुडघ्याचा संसर्ग तसा नाही.

मग संशोधन काय म्हणते?

सांध्याच्या संसर्गात जनुकांचा काही वाटा असावा, असे दाखवणारे पुरावे आहेत. २००७ साली ब्रिटनमधील संशोधकांनी आणि पुढे चेक प्रजासत्ताकातील संशोधकांनी एम.बी.एल.च्या जनुकातील फरक आणि कृत्रिम सांध्याचा संसर्ग यांत संबंध आढळल्याचे नोंदवले. चेक संशोधकांनीच २०१२ साली दाह सुरू करणाऱ्या इंटरल्यूकिन-१ या प्रथिनाच्या जनुकाबद्दलही असाच संबंध नोंदवला. मात्र या अभ्यासांतील रुग्णांची संख्या लहान होती आणि निरनिराळ्या ठिकाणचे निष्कर्ष एकमेकांशी पूर्णपणे जुळत नाहीत. म्हणून आजही शस्त्रक्रियेपूर्वी अशी जनुक-तपासणी नेहमी करत नाहीत.

२०१७ साली अमेरिकेतील यूटा राज्यात वंशावळींच्या नोंदी आणि रुग्णालयांच्या नोंदी एकत्र करून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या जवळच्या नातेवाइकाला सांध्याचा संसर्ग झाला होता, त्यांना स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर तो होण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक दिसला. म्हणजे शेजाऱ्यांचे बोलणे अगदीच निराधार नाही.

पण येथेच सावध राहायचे! एका घरातील माणसे फक्त जनुके वाटून घेत नाहीत. त्यांचे स्वयंपाकघर एक, आहार एक, तंबाखूची सवयही पुष्कळदा एक. मधुमेह एकाच घरात अनेकांना असतो. इतकेच काय, नाकात राहणारे स्टॅफिलोकॉकस जिवाणूसुद्धा एकाकडून दुसऱ्याकडे जातात. तेव्हा घराण्यात एखादी गोष्ट वारंवार दिसली म्हणजे ती जनुकांमुळेच, असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही.

थोडे गणित करू

समजा, एखाद्या जनुकातील फरकामुळे संसर्गाचा धोका दुप्पट होतो. हा आकडा आपण केवळ उदाहरणासाठी घेतला आहे. ‘दुप्पट’ हा शब्द ऐकून छातीत धस्स होते. पण आकडे मांडून पाहा.

तो फरक नसलेल्या १००० माणसांच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि धोका १ टक्का असेल, तर १० जणांना संसर्ग होईल. फरक असलेल्या १००० माणसांपैकी २० जणांना होईल. म्हणजे ‘वाईट’ जनुक असलेल्यांपैकीही ९८० जणांना काहीच होणार नाही. उलट ‘चांगले’ जनुक असूनही १० जणांना होईलच.

आता समजा, शस्त्रक्रियागृह अधिक स्वच्छ ठेवून दोन्ही गटांतील धोका निम्म्यावर आणला. पहिल्या गटात ५ आणि दुसऱ्या गटात १० जणांना संसर्ग होईल. नीट पाहा. स्वच्छ शस्त्रक्रियागृहातील ‘वाईट’ जनुकाच्या माणसाचा धोका आता साध्या शस्त्रक्रियागृहातील ‘चांगल्या’ जनुकाच्या माणसाएवढाच झाला! जनुक तेच राहिले, धोका मात्र बदलला.

हे खरेच घडले आहे

हे नुसते कागदावरचे गणित नाही. इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्न्ली या शल्यविशारदांनी १९६२ साली खुब्याच्या कृत्रिम सांध्याची आधुनिक पद्धत रूढ केली. सुरुवातीला त्यांच्या सुमारे ७ टक्के रुग्णांना संसर्ग होत असे. चार्न्लींचा तर्क असा, की शस्त्रक्रियागृहाच्या हवेत तरंगणारे आणि मुख्यतः तेथील माणसांच्या अंगावरून झडणारे जिवाणूच जखमेत उतरत असावेत. त्यांनी गाळलेल्या शुद्ध हवेची खोली बनवली, शल्यविशारदांसाठी सर्वांगाला झाकणारा खास पोशाख केला आणि हातमोजे व टाके यांच्या पद्धतींतही सुधारणा केल्या. काही वर्षांत संसर्गाचे प्रमाण १ टक्क्याच्या खाली आले.

पुढे ब्रिटन व स्वीडनमधील अनेक रुग्णालयांत ८,००० हून अधिक शस्त्रक्रियांवर याची पडताळणी झाली. तिचा निष्कर्ष १९८२ साली प्रसिद्ध झाला. अतिशुद्ध हवेत सांध्याच्या संसर्गाचे प्रमाण निम्म्याहूनही कमी झाले होते. २०१० साली नेदरलँड्समधील डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सिद्ध केली. ज्यांच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे जिवाणू आहेत अशा रुग्णांना रुग्णालयात दाखल होताच नाकाला लावायचे प्रतिजैविक मलम आणि जंतुनाशक साबण दिला, तर त्या जिवाणूंमुळे होणारे संसर्ग बरेच कमी होतात. साधारणपणे दर चार-पाच माणसांपैकी एकाच्या नाकात हे जिवाणू असतात.

या काळात लोकांची जनुके बदलली होती काय? मुळीच नाही. बदलली ती हवा, पोशाख, साबण आणि माणसांच्या सवयी.

घरात काय करता येईल?

तुमच्या घरी कोणाची अशी शस्त्रक्रिया व्हायची असेल, तर तुम्हीही मदत करू शकता. मधुमेह असल्यास रक्तातील साखर आटोक्यात आणणे फार आवश्यक आहे, कारण साखर वाढलेली असताना पांढऱ्या पेशींचे काम मंदावते. विडी-सिगारेट काही आठवडे आधीच सोडावी. तंबाखूतील निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्त कमी मिळते. मिसरी आणि तंबाखूची चिमूटही त्यातच आली. दात किडलेले असतील, लघवीची जळजळ असेल, अंगावर गळू असेल, तर ते आधी डॉक्टरांना दाखवावे. आहारात डाळी, उसळी, दूध, अंडी अशी प्रथिने भरपूर असावीत.

घरातील कोणाला पूर्वी सांध्याचा संसर्ग झाला असेल, तर ते लपवू नये. शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना सांगावे. म्हणजे ते अधिक काळजी घेतील. घराण्याच्या इतिहासाचा खरा उपयोग हाच.

शस्त्रक्रियेनंतर ताप आला, गुडघा लाल व गरम झाला, वेदना एकाएकी वाढल्या किंवा जखम वाहू लागली, तर लगेच डॉक्टरांना गाठावे. जखमेवर हळद, चुना किंवा पाला लावू नये. दुकानातून मनाने प्रतिजैविके आणून घेऊ नयेत. जैवपटल जुने व्हायच्या आत उपचार सुरू झाले, तर सांधा वाचण्याची शक्यता अधिक असते.

आता आपल्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. दुसऱ्या आजीच्या संसर्गात जनुकांचा थोडा हात असू शकेल. पण तो पांढऱ्या वाघाच्या रंगासारखा ठरून गेलेला नव्हता. तराजूच्या एका पारड्यात जनुकांचे थोडे वजन असते. उरलेली वजने साखरेची, तंबाखूची, हवेची, हातांच्या स्वच्छतेची आणि वेळेवर केलेल्या उपचारांची असतात, आणि ती पुष्कळशी माणसाच्या हातात आहेत. त्या घरातील तिसऱ्या व्यक्तीने घाबरून घरी बसू नये. तिने अधिक तयारी करून शस्त्रक्रियेला जावे.

करून पाहा

एका पिशवीत शंभर चिंचोके घ्या. त्यांतील एकाला शाईची खूण करा. न पाहता एक चिंचोका काढा, खूण आहे का ते लिहून ठेवा, चिंचोका परत पिशवीत टाका आणि पिशवी हलवा. असे शंभर वेळा करा. नंतर दोन चिंचोक्यांना खुणा करून पुन्हा शंभर वेळा करा. वर्गातील प्रत्येकाने करून आकडे फळ्यावर लिहा. एखाद्याला एका खुणेच्या पिशवीतून तीनदा खुणेचा चिंचोका मिळेल, तर दुसऱ्याला दोन खुणांच्या पिशवीतून एकदाही मिळणार नाही. सगळ्या वर्गाची बेरीज केल्यावर मात्र दुसरी पिशवी साधारण दुप्पट भरेल. ‘धोका दुप्पट’ या शब्दांचा अर्थ तेव्हा नीट समजेल.

विचार करा

१. राधा आणि मोहन यांच्या प्रत्येक पिल्लाचा रंग पांढरा असण्याची शक्यता किती?

२. एका घरातील दोन बहिणींना सांध्याचा संसर्ग झाला. जनुकांशिवाय आणखी कोणती चार कारणे असू शकतील?

३. चार्न्लींनी एकाच वेळी हवा, पोशाख, हातमोजे आणि टाके यांत सुधारणा केल्या. मग केवळ हवेचा परिणाम किती, हे ठरवण्यासाठी १९८२ च्या अभ्यासाची गरज का पडली?